परदेशी विद्यापीठ: आधी मास्तर शोधा

रायपूरहून बोलतोय. या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढाया, किल्ले आणि मोहिमा यांच्यावर बोलतो. आजचा विषय वेगळा आहे. पण तोही एका मोहिमेचाच आहे, आणि तिच्यात हरणाऱ्याचं घर जातं, म्हणून बोलणं भाग आहे.

झालं असं. आमच्या रायपूरच्या महाराष्ट्र मंडळात एका संध्याकाळी एक ओळखीचे गृहस्थ भेटले. सोबत त्यांची मुलगी. इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयातून तिने बीएस्सी केलंय आणि पुढचं शिक्षण परदेशात घ्यायचं म्हणतेय. गृहस्थांच्या हातात एक चकचकीत फाईल होती. कुणा सल्लागाराने बारा विद्यापीठांची यादी करून दिलेली. म्हणाले, “कर्नलसाहेब, घर तारण ठेवायची तयारी आहे. यातलं कुठलं नाव चांगलं, तेवढं सांगा.”

मी फाईल चाळली. इमारतींचे फोटो, हिरवळ, हसणारी मुलं, क्रमवारीतले आकडे. शिकवणार कोण, याबद्दल एक ओळही नाही. मी विचारलं, “हीच बारा का?” उत्तर कुणाकडेच नव्हतं. मुलगी मात्र हळूच म्हणाली, “काका, तुम्ही असता तर काय बघितलं असतंत?”

मी शिक्षणतज्ज्ञ नाही. साधा पदवीधर आहे, सारी नोकरी फौजेत गेली. पण इतिहास वाचतो. तिला म्हटलं, “पंधरा दिवस दे. आपल्याच माणसांना विचारून सांगतो.” आपली माणसं म्हणजे आधी जाऊन आलेली. मला तीन नावं सुचली: आनंदीबाई जोशी, पांडुरंग खानखोजे आणि बाबासाहेब आंबेडकर. तिघांची परिस्थिती वेगळी, पैशाची सोय वेगळी. पण तिघांनाही तेच प्रश्न पडले होते जे आज या मुलीपुढे आहेत: कुठे जायचं, अर्जात काय लिहायचं, पैसा कुणाचा घ्यायचा, आणि त्या पैशाबरोबर काय काय गळ्यात पडतं.

त्या तिघांकडे जाण्याआधी थोडी अलीकडची गोष्ट सांगतो, म्हणजे मी हे एवढं गंभीरपणे का घेतोय ते कळेल.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात फार्मिंग्टन हिल्स नावाचं गाव आहे. तिथे ‘युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन’ नावाचं एक विद्यापीठ होतं. त्याला संकेतस्थळ होतं, बोधचिन्ह होतं, परदेशी विद्यार्थी घेण्याची परवानगी असलेल्या संस्थांच्या सरकारी यादीत नाव होतं. नव्हते ते फक्त शिक्षक आणि वर्ग. ते विद्यापीठ अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने व्हिसाचे गैरप्रकार पकडण्यासाठी लावलेला सापळा होता. जानेवारी 2019 मध्ये तो सापळा मिटला. सुरुवातीला पकडलेल्या 130 विद्यार्थ्यांपैकी 129 भारतीय होते. सरकारचं म्हणणं असं की इथे शिकवणं होत नाही हे विद्यार्थ्यांना माहीत होतं; अनेक विद्यार्थ्यांचं म्हणणं असं की आम्ही फसलो. मुलं तिथे आणणारे दलाल मात्र खटल्यात सापडले.

त्याच्या आधी, 2011 मध्ये, कॅलिफोर्नियात प्लेझंटन इथल्या ट्राय-व्हॅली विद्यापीठावर धाड पडली. ते खाजगी दुकान होतं. तिथल्या काही भारतीय विद्यार्थ्यांच्या पायात माग काढणारी यंत्रं बांधली गेली, आणि त्यावरून आपल्याकडे मोठा गदारोळ झाला.

आता विचार करा. संकेतस्थळ खरं वाटत होतं, फार्मिंग्टनचं तर सरकारी यादीतही नाव होतं. मग सामान्य बापाने ओळखायचं कसं? एक साधा प्रश्न विचारला असता तरी उलगडा झाला असता: “माझ्या मुलाला शिकवणार कोण? त्यांचं नाव सांगा, त्यांनी काय लिहिलंय ते दाखवा.” इमारत भाड्याने मिळते, बोधचिन्ह काढून घेता येतं. वीस-पंचवीस वर्षं एखाद्या विषयात काम केलेला माणूस उभा करता येत नाही.

आता आपल्या माणसांकडे येऊ.

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 चा, कल्याणचा. त्यांचे पती गोपाळराव पोस्टात होते. पत्नीला शिकवायचं या ध्यासाने त्यांनी 1878 मध्ये रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. वाइल्डरने ते आपल्या मासिकात छापलं आणि धर्मांतर करावं असं सुचवलं. तिथे प्रकरण संपायचं. पण न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दंतवैद्याकडे आपल्या पाळीची वाट पाहत बसल्या होत्या. समोर पडलेल्या अंकात त्यांनी ते पत्र वाचलं आणि मदत करायचं ठरवलं. पुढे त्या आनंदीबाईंच्या मावशीच झाल्या.

पण मला बोलायचंय ते संस्थेच्या निवडीबद्दल. आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या ‘विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’मध्ये गेल्या. हार्वर्डचं नाव त्याहून कितीतरी मोठं होतं, पण हार्वर्डचं वैद्यकीय महाविद्यालय त्या काळी बायकांना घेतच नव्हतं. फिलाडेल्फियाचं हे कॉलेज 1850 मध्ये खास स्त्रियांना वैद्यक शिकवण्यासाठी निघालं होतं. तिथे जपानहून आलेली केई ओकामी होती, सीरियाहून आलेली सबात इस्लामबूली होती. या तिघींचा, आपापल्या देशाच्या पोशाखातला, 1885 चा फोटो तुम्ही पाहिला असेल. म्हणजे परक्या मुलीला सांभाळून शिकवण्याची त्या कॉलेजला सवय होती.

आता अर्ज. जून 1883 मध्ये आनंदीबाई अमेरिकेत पोहोचल्या आणि रोझेलहून त्यांनी कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांना पत्र लिहिलं. त्या पत्रात फुशारकी नाही. प्रवेशाच्या सगळ्या अटींत मी बसत नाही, पैसे थोडे आहेत, हे त्या सरळ सांगतात. मग सांगतात की माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला हे शिकायचंय. संपला अर्ज. आज ज्याला ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ म्हणतात, त्याचा मराठी माणसाने लिहिलेला इतका चांगला नमुना माझ्या पाहण्यात नाही. सल्लागार लोक पैसे घेऊन जे तयार पत्र देतात, त्यात मुलगा लहानपणापासून जग बदलायला निघालेला असतो. बॉडलीबाईंनी आनंदीबाईंना प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीही.

पण या गोष्टीची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. थंडी, खाण्याचे हाल आणि आजार यांनी त्यांचं शरीर पोखरलं. 11 मार्च 1886 ला पदवी मिळाली. पंडिता रमाबाई त्या समारंभाला हजर होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना मिळाली होती. त्या परतल्या त्याच क्षयाने खंगून. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या. बाविसावा वाढदिवस महिन्याभरावर होता.

फौजेत उंचावर तुकडी पाठवताना आम्ही आधी कपडे, शिधा आणि डॉक्टर बघतो, मग नकाशा. विद्यापीठ निवडताना आपण हवामान, राहण्याची जागा, जेवण आणि आजारपणाचा विमा या गोष्टी शेवटच्या पानावर ढकलतो. त्या पहिल्या पानावर असायला हव्यात.

दुसरं नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे. जन्म 1884 चा, वर्ध्याचा. वर्धा आणि रायपूर तेव्हा एकाच मध्य प्रांतात होती, म्हणजे आमच्या हिशोबाने हे घरचेच. तरुणपणी डोक्यात सशस्त्र क्रांती. जपानमार्गे अमेरिकेला पोहोचले ते लष्करी शिक्षण घ्यायला, आणि कॅलिफोर्नियात सॅन राफेलच्या माउंट तमालपैस मिलिटरी अकादमीत ते शिकलेही. मला त्यांच्याबद्दल जरा जास्त जिव्हाळा का, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

पण त्यांनी तेवढ्यावर भागवलं नाही. शेतकी शिकायला ते ओरेगन ॲग्रिकल्चरल कॉलेजात गेले, पुढे वॉशिंग्टन स्टेट कॉलेजात. ही नावं तेव्हाही आपल्याकडे कुणाला माहीत नव्हती आणि आजही फारशी नाहीत. पण ही कॉलेजं होती कशी? अमेरिकेने 1862 मध्ये मॉरिल कायदा केला. राज्यांना सरकारी जमीन द्यायची, तिच्या उत्पन्नातून शेतकी आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं चालवायची. हात मातीत घालून शिकायचं, तर ती जागा नामांकित जुन्या विद्यापीठांपेक्षाही योग्य होती. खानखोज्यांना ना राजाची शिष्यवृत्ती ना सरकारची. मिळेल ती मजुरी करून ते शिकले. पुढे गदर चळवळ, इराणातली वणवण, आणि 1924 मध्ये मेक्सिको. तिथे चापिंगोच्या राष्ट्रीय शेतकी शाळेत ते प्राध्यापक झाले आणि मक्यावर मोठं काम केलं. दिएगो रिवेराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना रंगवलं. क्रांती फसली, मायदेश कित्येक वर्षं बंद झाला, पण शेतकी विद्या परक्या मुलखात पोट भरायला आणि मान मिळवायला पुरली. 1967 मध्ये ते नागपुरात वारले.

म्हणून सांगतो, विद्यापीठाचं सगळ्यात मोठं नाव आणि आपल्या विषयातलं सगळ्यात चांगलं ठिकाण ही दर वेळी एक नसतात. क्रमवारीचा आकडा सगळ्या विद्यापीठाचा असतो. तुम्ही शिकणार मात्र एका विभागात, चार-सहा माणसांच्या हाताखाली.

आता बाबासाहेब. त्यांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, फौजेच्या शाळेत शिकवत. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून 1912 मध्ये बाबासाहेब पदवीधर झाले. फेब्रुवारी 1913 मध्ये वडील गेले. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली: महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. आणि तिच्याबरोबर एक करारनामा. परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची.

जुलै 1913 मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. वाट संस्थानने खुली केली होती. पण तिथे गेल्यावर त्या तीन वर्षांचं त्यांनी काय केलं ते बघा. अर्थशास्त्राचे 29 अभ्यासक्रम, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4. ही सैरावैरा धावपळ नव्हती. सार्वजनिक अर्थव्यवहारासाठी एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञानासाठी जॉन ड्यूई, इतिहासासाठी जेम्स शॉटवेल, मानववंशशास्त्रासाठी गोल्डनवायझर. माणूस बघून वर्ग निवडलेला आहे. मे 1916 मध्ये भारतातल्या जातींवरचा त्यांचा सुप्रसिद्ध निबंध वाचला गेला तो गोल्डनवायझर यांच्याच चर्चासत्रात. आपल्या समाजाचा जळता प्रश्न त्यांनी जगातल्या उत्तम मास्तरांपुढे नेऊन ठेवला. मला वाटतं, नामांकित विद्यापीठाचा खरा उपयोग हाच.

1916 मध्येच ते लंडनला गेले. ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी नाव घातलं. सेलिग्मन यांनी लंडनच्या आपल्या सहकाऱ्यांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला. शिफारसपत्र म्हणजे काय, तर ज्याने तुमचं काम वर्षानुवर्षं पाहिलंय त्याने दुसऱ्या जाणकाराला सांगितलेली गोष्ट. आपल्याकडे मुलं मोठ्या हुद्द्याच्या माणसाचं पत्र आणतात, जो त्यांना ओळखतही नाही. माझ्याकडेही आली आहेत. मी नाही म्हणतो, कारण ‘मुलगा चांगल्या घरचा आहे’ या वाक्याने तिथे काहीही साधत नाही.

पण 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. महायुद्ध चालू होतं. वेगळ्या जहाजाने पाठवलेलं त्यांचं सामान टॉर्पेडोने बुडालं. निघण्यापूर्वी मात्र त्यांनी एक काम करून ठेवलं होतं. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करता येईल, अशी परवानगी विद्यापीठाकडून मिळवली होती. माघार घेताना पुढच्या चढाईची वाट मोकळी ठेवायची, हे आम्हाला फौजेत शिकवतात. सुभेदाराच्या मुलाला ते कुणी शिकवावं लागलं नाही.

करारनाम्याप्रमाणे ते बडोद्याला रुजू झाले. हुद्दा कोणता, तर महाराजांचे लष्करी सचिव. कोलंबियात शिकून आलेल्या या माणसाला बडोद्यात राहायला खोली मिळेना. एका पारशी विश्रामगृहात ते नाव लपवून राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. कचेरीत शिपाई कागद लांबूनच टेबलावर फेकत. त्यांनी बडोदा सोडलं.

हा प्रसंग सांगताना दर वेळी माझा आवाज बसतो. मीही गणवेश घातलाय. हुद्द्याला सलाम आणि माणसाला दार बंद, हे आपण केलंय, कुणा परक्याने नाही. चांगल्या विद्यापीठाची पदवी घरच्या समाजाचं मन बदलत नाही, हेही मुलांनी ऐकून ठेवावं. परदेशी शिकलेल्या मुलीला आपण परत आल्यावर काय देणार आहोत, हा प्रश्न मग बापाने आणि गावाने स्वतःला विचारायचा असतो.

पुढचं थोडक्यात. बाबासाहेबांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, कोलंबियाच्या दिवसांतले पारशी मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिलं. 1920 मध्ये, मुदतीच्या आत, ते लंडनला परतले. 1921 मध्ये एमएस्सी, 1922 मध्ये बॅरिस्टर, 1923 मध्ये डीएस्सी. डीएस्सीचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर. तोही एकदा परत येऊन दुरुस्त करावा लागला होता. कोलंबियाची पीएचडी त्यांना रीतसर मिळाली ती 1927 मध्ये, प्रबंध पुस्तकरूपाने छापल्यावर. म्हणजे पहिलं पाऊल ठेवल्यापासून चौदा वर्षांनी.

पंधरा दिवसांनी ती मुलगी आणि तिचे बाबा घरी आले. मी तिला विचारलं, “तुला नेमकं काय शिकायचंय?” ती म्हणाली, “भात.” छत्तीसगडला धान का कटोरा म्हणतात हे तुम्हाला माहीत असेल. तिच्या कृषी विश्वविद्यालयात भाताच्या 23,000 हून अधिक वाणांचा संग्रह आहे. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी 1970 च्या दशकात गावोगाव फिरून गोळा केलेल्या वाणांवर तो उभा आहे. तिला त्यातल्या कमी पाण्यात तग धरणाऱ्या वाणांवर काम करायचं होतं. फाईलमधल्या बारा विद्यापीठांपैकी किती ठिकाणी भातावर काम चालतं, हे आम्ही तिघांनी बसून शोधलं. दोन. बाकी दहांमध्ये व्यवस्थापनाचे वर्ग होते.

मग तिला चार कामं सांगितली. एक, आपल्या विषयावर सध्या कोण लिहितंय ते विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून शोध, आणि ती माणसं कुठे शिकवतात त्यावरून विद्यापीठांची यादी कर. वागेनिंगन, कॉर्नेल, डेव्हिस ही नावं त्यातून आपोआप आली, आणि मी कधी न ऐकलेली दोन-तीनही. दोन, त्या देशाच्या सरकारी आणि मान्यता देणाऱ्या यादीत संस्था स्वतः तपास, आणि ती पदवी इथे चालते का तेही बघ. वैद्यकीयला जाणाऱ्यांनी तर हे आधी बघावं. 2021 च्या आपल्या नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा, इंग्रजीतून, आणि त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप असावी लागते. हे न बघता गेलेली मुलं परत येऊन अडकतात. तीन, अर्ज स्वतः लिही, उणं असेल ते झाकू नकोस. चार, शिष्यवृत्ती असो की बँकेचं कर्ज, प्रत्येक कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाच आणि मगच सही कर. आजारी पडलीस, एक वर्ष वाया गेलं, तर काय, ते त्यात कुठे लिहिलंय ते मला दाखव.

तिच्या बाबांना वेगळं सांगितलं. “घर आत्ता तारण ठेवू नका. एक वर्ष थांबा. आनंदीबाई प्रवेशाचं पत्र हातात नसताना जहाजात बसल्या, तो काळ वेगळा होता. बाबासाहेबांना तीन वर्षं थांबावं लागलं, पण परवानगीचा कागद त्यांच्या खिशात होता.” ते गप्प बसले. मग म्हणाले, “पण साहेब, एक वर्ष वाया जाईल ना.” मुलगीच म्हणाली, “बाबा, त्या वर्षात मी संग्रहावर काम करीन. तेच अर्जात लिहीन.”

तिने तीन प्राध्यापकांना पत्रं लिहिली आहेत. दोघांचं उत्तर नाही. एका बाईंनी उलट प्रश्न विचारलाय: कोणते वाण, आणि किती दिवस पाण्याविना? ती सध्या त्याचं उत्तर शोधतेय. प्रवेश मिळेल की नाही, मला माहीत नाही. पण त्या प्रश्नाचं उत्तर शोधू लागली तेव्हाच तिचं शिक्षण सुरू झालं, असं मी मानतो. ती फाईल अजून माझ्या टेबलावर पडून आहे. परत न्यायला कुणी आलेलं नाही.

इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, जिथे कुठे तुम्ही हे ऐकत किंवा वाचत असाल, तुमच्या घरात असं कुणी निघालं असेल तर आधी मास्तरांचं नाव विचारा. आजच्यापुरतं इतकंच. पुढच्या भागात पुन्हा आपल्या नेहमीच्या वाटेने, किल्ल्यांकडे. नमस्कार.